गंमत फुग्याची, जोखीम श्वासाची

वाढदिवस म्हटला की पूर्वी कसं असायचं, बघा. घरातली दोन-चार पोरं, शेजारपाजारची दहा-बारा, दारात पताका, बशीत केकचा तुकडा नि वेफर्स आणि फुगे फुगवून फुगवून गाल दुखलेले बाबा! आता चित्र बदललंय. जळगाव-धुळ्याचं सोडा, चोपडा, शिरपूर, साक्रीतसुद्धा हॉल घेऊन वाढदिवस होतात. बारसं असो, डोहाळजेवण असो की हळद, डेकोरेशनवाला येतो आणि तासाभरात छताला टेकलेल्या रंगीत फुग्यांची झुंबरं तयार. चमकत्या दोऱ्या खाली लोंबतायत, बच्चेकंपनी त्या ओढतेय... मजाच मजा.

मग त्या पोरांमधला एखादा पठ्ठ्या फुग्याची गाठ सोडतो, फुगा तोंडाला लावतो, छाती भरून गॅस ओढतो आणि बोलायला लागतो. आवाज कसा? थेट कार्टूनमधल्या बदकासारखा! हॉलभर हशा. आजीसुद्धा पदर तोंडाला लावून हसते नि म्हणते, "अजून एकदा रे बाळा!" मोबाईल पुढे सरसावतात, रील तयार होते.

हसू येतं, हे खरंच. हसू नये असं कोण म्हणेल? पण मैत्रिणींनो, तो आवाज का बदलतो हे एकदा समजून घेतलं, की "अजून एकदा" म्हणताना आपली जीभ नक्की अडखळेल. कारण ज्या क्षणी आवाज सगळ्यात गमतीदार होतो, त्याच क्षणी त्या लेकराच्या छातीत हवा सगळ्यात कमी असते.

सूर तोच, मग आवाज का बदलतो?

या फुग्यांत हेलियम नावाचा वायू भरतात. हवेच्या मानाने तो फारच हलका, साधारण सातपट. म्हणून तर फुगा वर पळतो. पुष्कळ जणींना वाटतं, की हेलियम घशात गेला की स्वरतंतू ताणले जातात आणि आवाज चिरका होतो. तसं नाही. आपल्या गळ्यातले स्वरतंतू जसे थरथरायचे तसेच थरथरत राहतात. बायकांचे सेकंदाला साधारण २०० वेळा, पुरुषांचे त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त, लहान मुलांचे ३०० च्या आसपास. हेलियम ओढून कुणी पेटीबरोबर 'सा' लावला, तर तो 'सा' जवळपास तिथेच लागेल. सूर बदलत नाही, बदलतो तो आवाजाचा पोत.

हे कसं, ते आपल्या रोजच्या कामातून बघू या. नळाला पाणी आलं की आपण हंडा लावतो. हंडा रिकामा असतो तेव्हा पाण्याचा आवाज कसा घुमतो, भरदार येतो. हंडा भरत आला की तोच आवाज बारीक बारीक होत जातो. आपण आत कणीक मळत असलो तरी नुसत्या कानावरून ओळखतो, "भरला गं हंडा, नळ बंद कर!" धार तीच, नळ तोच, हंडाही तोच. फक्त आत घुमायला हवेची जागा कमी उरली, म्हणून आवाज बारीक झाला.

आपला घसा, तोंड आणि नाक म्हणजे असाच एक हंडा. स्वरतंतू मूळ आवाज काढतात आणि तो या पोकळीत घुमून बाहेर येतो. म्हणून तर फोनवर नुसतं "हॅलो" ऐकून आपण माहेरचं माणूस ओळखतो. आता ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पण हेलियममधून जवळजवळ १००० मीटर. म्हणजे तिप्पट वेगाने! त्यामुळे घसा आहे तेवढाच असला, तरी आवाजाच्या दृष्टीने तो जणू एक तृतीयांश होतो. भरत आलेल्या हंड्यासारखा. आवाजातली भरदार घुमी जाते, बारीक भागच वर येतो आणि आपल्याला बदक बोलल्यासारखं वाटतं.

आता यातला खरा मुद्दा लक्षात घ्या. आवाज पुरता बदलायचा तर घसा आणि छाती हेलियमने भरलेली हवी. म्हणजेच तिथली नेहमीची हवा बाहेर गेलेली हवी. गंमत आणि धोका या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत.

सूर्यावर सापडलेला वायू

या वायूचं आपल्या महाराष्ट्राशीही एक नातं आहे. १८ ऑगस्ट १८६८ ला भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. जान्सेन नावाचे फ्रेंच शास्त्रज्ञ त्यासाठी आंध्रातल्या गुंटूरला येऊन बसले होते. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा उजेड तपासण्याचं काम त्या ग्रहणात झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये लॉकियर यांनी सूर्याच्या उजेडातल्या एका पिवळ्या रेघेचा अभ्यास केला. ती रेघ पृथ्वीवरच्या कुठल्याही ओळखीच्या पदार्थाशी जुळेना. मग ग्रीक भाषेतल्या सूर्याच्या नावावरून या नव्या पदार्थाला हेलियम म्हटलं गेलं. पृथ्वीवर तो हाती लागला थेट १८९५ मध्ये, रॅम्से यांना.

कोकणातला विजयदुर्ग त्या ग्रहणाच्या वाटेवरच होता. किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' दाखवतात. इंग्रज साहेबांनी तिथून ग्रहण पाहिलं असं सांगतात. लॉकियरच तिथे आले होते असंही काही जण म्हणतात, पण त्यांचं काम इंग्लंडातलं. तरीही १८ ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियमचा दिवस साजरा होतो.

आणि हा वायू काही फुग्यांपुरता नाही हं. दवाखान्यातल्या बहुतेक एमआरआय मशीनमधलं चुंबक थंड ठेवायला द्रवरूप हेलियम लागतो. खोल समुद्रात उतरणारे पाणबुडेही हेलियम घेतात. तेही खाली बदकासारखेच बोलतात. पण त्यांच्या नळीत हेलियमबरोबर मोजून-मापून प्राणवायू मिसळलेला असतो. आपल्या पोराच्या फुग्यात तो नसतो. सगळा फरक इथेच आहे.

विष नाही, तरी घातक

"पण हेलियम विषारी नाही ना?" असं कुणी विचारेल. नाही, मुळीच नाही. त्याला वास नाही, रंग नाही, चव नाही. तो कुणाच्या अध्यात ना मध्यात! तो फक्त जागा अडवतो. एसटीच्या गर्दीत कुणी आपल्या सीटवर येऊन बसावं, तसा तो फुफ्फुसात प्राणवायूच्या जागेवर बसतो.

आपण घेतो त्या हवेत साधारण २१ टक्के प्राणवायू असतो. शुद्ध हेलियमचा घोट घेतला की त्या घोटात तो शून्य. एवढंच नाही, आधी रक्तात असलेला प्राणवायूही फुफ्फुसात उलटा उतरू लागतो. नुसता श्वास रोखून धरला तर माणूस बराच वेळ तग धरतो; पण एकामागून एक हेलियमचेच श्वास घेतले, तर काही सेकंदांत भोवळ येऊन माणूस कोसळू शकतो.

यात एक फसवी गोष्ट आहे. विहिरीत बुडी मारली की थोड्या वेळाने जीव कासावीस होतो ना? ती कासाविशी मुख्यतः प्राणवायू कमी पडल्याने होत नाही, शरीरात कर्बवायू साठल्यामुळे होते. हेलियम आत-बाहेर करताना कर्बवायू बाहेर पडतच राहतो. त्यामुळे धोक्याची घंटा वाजतच नाही. "मला काही झालं तर मी थांबेन" असं पोरगं म्हणतं, पण थांबावं असं त्याला वाटायच्या आतच ते खाली पडलेलं असतं. पडताना डोकं टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलं, जिन्यावरून तोल गेला, की आणखी एक संकट.

खरं ते सांगायला हवं. एका लहान फुग्यातला एकच घोट घेऊन बहुतेक मुलं जरा डोकं हलकं झालं म्हणतात आणि मिनिटाभरात ठीक होतात. म्हणूनच कुणाला भीती वाटत नाही! पण पोरं एका घोटावर थांबतात का? "माझा आवाज जास्त बारीक", "नाही, माझा!" अशी पैज लागते. मोबाईलसमोर तर जोर दुप्पट. दम्याच्या किंवा हृदयाचा त्रास असलेल्या मुलाला तर तो एक घोटही महागात पडू शकतो.

टाकीला तोंड? कध्धीच नाही

फुग्यापेक्षा कितीतरी भयंकर गोष्ट म्हणजे थेट टाकीच्या नळीला तोंड लावणं. टाकीत गॅस प्रचंड दाबाने कोंबलेला असतो. ट्रकच्या टायरमधल्या दाबाच्या कित्येक पट. आपली फुफ्फुसं म्हणजे साबणाच्या फुग्यांसारखी नाजूक. तो झोत आत गेला की ती फाटतात. गॅसचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूकडे जाणारी वाट अडवतात. असा झटका क्षणात येतो.

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात १४ वर्षांची एक मुलगी मैत्रिणींच्या पार्टीत टाकीतला हेलियम ओढून गेली. जानेवारी २०१५ मध्ये जपानमध्ये टीव्हीच्या एका कार्यक्रमाचं चित्रीकरण चालू असताना १२ वर्षांच्या मुलीने आवाज बदलणाऱ्या गॅसचा छोटा डबा ओढला आणि ती बेशुद्ध पडली. त्या डब्यात तर प्राणवायूही मिसळलेला होता! डबा मोठ्या माणसांसाठी आहे, असं त्यावर लिहिलेलंही होतं. दाबाने आत गेलेल्या गॅसचे बुडबुडे मेंदूपर्यंत पोचले, असं डॉक्टरांचं निदान होतं. दोन्हीकडे कुणाचा वाईट हेतू नव्हता. सगळे हसतच होते.

जत्रेतला फुगा मात्र वेगळाच

आता आपल्या खान्देशात या. चैत्रात धुळ्याला एकवीरा देवीची यात्रा, वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांचा उत्सव, कार्तिकात जळगावचा रथ, दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार. जिथे गर्दी तिथे फुगेवाला. पोरगं हात ओढतं, "आई, वर उडणारा फुगा!" आपणही घेऊन देतो. आणि घरी आल्यावर तेच पोरगं मोबाईलवर पाहिलेलं करून बघतं.

पण त्या फुग्यात बहुतेक वेळा हेलियम नसतोच! हेलियम आपल्या देशात जवळपास सगळा बाहेरून येतो, म्हणून तो महाग. रस्त्यावरच्या फुगेवाल्याला तो कसा परवडणार? त्याच्याकडे असतो हायड्रोजन. तोही हलका, त्यानेही फुगा उडतो, त्यानेही आवाज बारीक होतो. पण हायड्रोजन पेट घेतो! हेलियम मेणबत्तीजवळ नेला तर काही होत नाही. हायड्रोजनला एक ठिणगी पुरते. नुसती हवेत मिसळून ४ टक्के भरला तरी तो पेटू शकतो.

पुष्कळदा हा गॅस जागेवरच तयार होतो. जुन्या टाकीत कॉस्टिक सोडा, ॲल्युमिनियमचा चुरा नि पाणी घालून. आत जोरदार उष्णता तयार होते, दाब वाढत जातो. टाकी गंजलेली, झाकण ठोकून बसवलेलं, वर दाब मोजायला काटासुद्धा नाही. त्यात आपल्याकडचं ४५ अंशांचं ऊन. मग काय होतं?

ऑक्टोबर २०२३ मध्ये लातूरला तावरजा कॉलनीत संध्याकाळी फुगेवाल्याभोवती मुलं जमली होती. टाकी फुटली. फुगेवाला गेला, ११ मुलं जखमी झाली. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या रात्री नागपुरात फुग्यांच्या गॅसची टाकी फुटून चार वर्षांचं लेकरू गेलं. आणि हेलियमची टाकी म्हणजे अगदी निर्धास्त, असंही नाही. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला ऑक्टोबर २०२२ मध्ये बाजारात हेलियमची टाकी फुटून एकाचा जीव गेला आणि वीसच्या वर माणसं जखमी झाली. हेलियम पेटत नाही, पण दाब तर असतोच ना.

यात फुगेवाल्याला शिव्या देऊन भागणार नाही. तो तर दिवसभर त्या टाकीला खेटूनच उभा असतो. लातूरला पहिला बळी त्याचाच गेला. त्याच्याही घरी कुणी वाट बघत असतं. म्हणून त्याच्याकडून घ्यायचंच बंद करू नका. काडीवरचा साध्या हवेचा फुगा घ्या, भिरभिरं घ्या, पिपाणी घ्या. आपण जे मागू तेच तो विकायला आणेल.

आपण काय करायचं?

• डेकोरेशनची ऑर्डर देतानाच विचारा, "गॅस कुठला? बिलावर लिहून द्याल का?" हेलियम म्हणून हायड्रोजन भरून देणारेही असतात. बघून, हुंगून दोन्हींतला फरक कळत नाही. नियमाने हेलियमची टाकी तपकिरी नि हायड्रोजनची लाल असते, पण रंग काय, कुणीही मारतं. अशा टाक्यांवर देखरेख ठेवणाऱ्या 'पेसो' या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. परवान्याच्या टाक्या वापरणारा माणूस उत्तर द्यायला कचरत नाही.

• उडणारा फुगा आणि आग यांची गाठ पडू देऊ नका. केकवरच्या मेणबत्त्या, कारंज्यासारखे उडणारे फटाके, औक्षणाचं निरांजन, उदबत्ती, हळदीतली धुराची नळकांडी, कुणाची सिगारेट... सगळं फुग्यांपासून लांब. खात्री नसेल तर गॅसचे फुगे नकोतच.

• फुगे मुलं यायच्या आधी भरून घ्या. टाकी उन्हात, चुलीजवळ किंवा बंद खोलीत नको. काम झालं की लगेच परत पाठवा. "राहू द्या, सकाळी नेतो" हे ऐकू नका.

• जत्रेत टाकीभोवती मुलांना घोळका करू देऊ नका. फुगा हवाच असेल तर आपण लांब थांबून एका मोठ्या माणसाला पाठवा.

• समारंभ संपला की उरलेले फुगे टाचणीने फोडून टाका. आडवे-तिडवे पडलेले रबराचे तुकडे गोळा करा. लहान बाळाच्या घशात असा तुकडा अडकला तर काढणं फार अवघड जातं.

• आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुलांना नुसतं "नको करू" म्हणू नका. हंड्याची गोष्ट सांगा. कारण पटलं की पोरं ऐकतात, शिवाय शाळेत जाऊन दुसऱ्यांनाही सांगतात. आणि असं रील कुणी पाठवलं तर हसऱ्या चेहऱ्याची खूण टाकून पुढे ढकलू नका.

चुकून झालंच तर

मूल चक्कर येऊन पडलं तर आधी फुगा-नळी बाजूला करा, दारं-खिडक्या उघडा, गर्दी हटवा. त्याला मोकळ्या हवेत आडवं करा. पाणी पाजू नका. बेशुद्ध माणसाच्या घशात ते अडकतं. कांदा फोडून हुंगवणं, चप्पल नाकाशी धरणं यात वेळ घालवू नका. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. श्वास चालत नसेल तर ज्याला येतं त्याने ताबडतोब छाती दाबायला सुरुवात करावी. कारण मेंदूला चार-पाच मिनिटं प्राणवायू मिळाला नाही तर कायमची इजा होऊ शकते. दुसऱ्या कुणीतरी तोवर १०८ ला फोन लावावा.

टाकीतून थेट गॅस ओढला असेल, तर मूल हसत-बोलत असलं तरी दवाखान्यात न्याच. छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त, बोबडी वळणं, हाता-पायातली ताकद जाणं, अंधुक दिसणं, यातलं काहीही दिसलं तर क्षणाचाही उशीर नको. डॉक्टरांना खरं सांगा, गॅस कुठला, किती ओढला, कशातून ओढला. ओरडा बसेल म्हणून मुलं लपवतात. त्यांना आधी जवळ घ्या, रागवायचं ते नंतर.

फुग्याच्या भडक्याने भाजलं, तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं नळाचं साधं पाणी सोडत राहा. हळद, टूथपेस्ट, शाई, बर्फ काही लावू नका. चिकटलेलं रबर ओढून काढू नका. ते काम डॉक्टरांचं.

आवाजाची गंमत हवीच ना?

हवी की! आवाजाशी खेळणं हा तर मुलांचा हक्क आहे. त्याला टाकी कशाला लागते? चालू टेबल फॅनसमोर बसून "आऽऽ" करा, आवाजाचे कसे तुकडे तुकडे होतात! रिकाम्या हंड्यात तोंड घालून स्वतःचं नाव घ्या, भूत बोलल्यासारखं वाटतं. कागदाची पुंगी करून बोला. नाक चिमटीत धरून कविता म्हणा. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून तो भरभर वाजवला की झालं बदक तयार! हवं तितक्या वेळा करा, हवं तितकं हसा. यातल्या कुठल्याही खेळात श्वास थांबत नाही. मग आजीने खुशाल म्हणावं, "अजून एकदा रे बाळा!"